दिराच्या घरचा पत्ता देऊ नकोस

ताई, सप्रेम नमस्कार.

मी मूळची मिरजेची. बी.एस्सी. नर्सिंग सांगलीत केलं, पुण्यात आयसीयूत सहा वर्षं काढली. लग्नानंतर नवऱ्याबरोबर अमेरिकेत आले, एनक्लेक्स ही इथली नर्सिंगच्या लायसन्सची परीक्षा पास झाले आणि आता मॅसॅच्युसेट्समध्ये स्प्रिंगफील्डजवळ राहते. दोन वर्षांपूर्वी ग्रीन कार्ड आलं. घरात पाच वर्षांची मुलगी आहे. सासूबाईही आता आमच्याकडेच असतात, त्यांना पार्किन्सन्स आहे.

मी हॉस्पिटलमध्ये रात्रपाळी करते. एका विमा कंपनीत घरून फोनवर केस मॅनेजमेंट करायची नोकरी चालून आली आहे. मुलाखत चांगली झाली. अट एकच, मल्टिस्टेट लायसन्स, म्हणजे करारातल्या सगळ्या राज्यांत चालणारं एकच लायसन्स. माझ्याकडे फक्त मॅसॅच्युसेट्सचं आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये आमच्या राज्यानं नर्सिंग कॉम्पॅक्टचा, म्हणजे राज्याराज्यांतल्या या कराराचा, कायदा केला तेव्हा आम्ही वॉर्डात केक आणला होता. वर्ष उलटलं तरी मल्टिस्टेटचा अर्ज भरायची सोय नाही. शेजारच्या कनेक्टिकटमध्ये मात्र १ ऑक्टोबर २०२५पासून सुरूही झालं.

रिक्रूटर म्हणतो, न्यू हॅम्पशायरमध्ये कुणी नातेवाईक असेल तर तो पत्ता द्या, तिकडचं ड्रायव्हिंग लायसन्स काढा, मल्टिस्टेट मिळून जाईल. माझे धाकटे दीर नॅशुआला राहतात. नवरा म्हणतो, थोड्या महिन्यांचा प्रश्न आहे, इकडे सुरू झालं की पत्ता बदलू. दुसरा मार्ग म्हणजे खरोखरच कनेक्टिकटमध्ये एनफील्डला भाड्यानं घर घ्यायचं. आमच्यापासून पंधरा-वीस मिनिटांवर आहे. काय करू? आणि सही होऊनही इतका उशीर का, हे कुणी सांगेल का?

तुमची, स्प्रिंगफील्डची एक सिस्टर

—

प्रिय सिस्टर,

तू स्वतःला सिस्टर म्हणवलंस म्हणून मीही तेच म्हणते, आणि धाकटी आहेस म्हणून अगं-तुगं करते.

सगळ्यात आधी नॅशुआचं. ते करू नकोस. रिक्रूटरला आज फोन करून सांग की हा मार्ग मला नको, आणि नवऱ्यालाही हे पत्र वाचायला दे.

मल्टिस्टेट लायसन्स तू जिथली कायमची रहिवासी आहेस ते राज्य देतं. हे रहिवासीपण ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार नोंदणी, आयकराचं विवरणपत्र, डब्ल्यू-२ हा पगाराचा वार्षिक दाखला अशा कागदांवरून ठरतं. आता तुझं घर बघ. मुलगी मॅसॅच्युसेट्सच्या शाळेत जाते, पगार मॅसॅच्युसेट्सच्या हॉस्पिटलातून येतो, सासूबाईंचा न्यूरॉलॉजिस्ट तिथला, गाडीचा विमा तिथल्या पत्त्यावर. यातलं एकही पान नॅशुआचं नाही. आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पगारावर राज्याचा आयकर नाही. राहायचं आणि कमवायचं एका राज्यात आणि लायसन्सवर पत्ता शेजारच्या बिनकराच्या राज्यातला, हे बघून मॅसॅच्युसेट्सच्या करखात्याला काय वाटेल? तुझ्या मनात कर चुकवण्याचा विचारही आला नसेल, पण कागद तसंच बोलतील.

खोट्या पत्त्यावर काढलेलं लायसन्स उघडकीला आलं तर नुसतं रद्द होऊन भागत नाही. बोर्डाची शिस्तभंगाची कारवाई राष्ट्रीय नोंदीत जाते आणि प्रत्येक राज्याच्या बोर्डाला दिसते. त्यानंतर कुठल्याही राज्यात, कुठल्याही नोकरीसाठी अर्ज भरताना ‘तुमच्यावर कधी कारवाई झाली आहे का’ या रकान्यात ‘होय’ लिहावं लागतं, जन्मभर. तुला थोड्या वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करायचा असेल. त्यात चारित्र्याची तपासणी असते आणि सरकारी अर्जात खोटं लिहिलेलं तिथं फार महागात पडतं. रिक्रूटरचं काय जाणार? त्याला कमिशन मिळेल आणि तो पुढच्या उमेदवाराकडे वळेल. सही तुझी असेल.

दीर-जावेलाही यात ओढू नकोस. उद्या चौकशी आली तर त्यांच्या दारात येईल.

आता उशीर का, ते सांगते. यात मी स्वतः पोळले आहे, म्हणून जरा लांबण लावणार आहे.

ही कॉम्पॅक्टची व्यवस्था काल-परवाची नाही. पहिला करार २०००च्या सुमाराला अमलात आला. पुढे तो कडक करून १९ जानेवारी २०१८पासून नवा करार लागू झाला. नव्या करारात लायसन्ससाठी ११ समान अटी आहेत आणि त्यातल्या एकीवर सगळी गाडी अडते. ती अट बोटांच्या ठशांची. मल्टिस्टेट मागणाऱ्या प्रत्येक नर्सचे ठसे घेऊन राज्याच्या आणि एफबीआयच्या गुन्हे-नोंदी तपासाव्या लागतात. ऐकायला सोपं वाटतं. पण एफबीआय आपल्या नोंदी कुणालाही देत नाही. १९७२च्या एका केंद्रीय कायद्यानुसार राज्यानं स्वतःच्या कायद्यात ठरावीक पद्धतीनं लिहावं लागतं की अमुक परवान्यासाठी, अमुक लोकांचे ठसे घेऊन, केंद्राच्या नोंदी तपासायच्या आहेत. ते शब्द केंद्राकडून मंजूर व्हावे लागतात. एक वाक्य कमी पडलं की नोंदी मिळत नाहीत, नोंदी मिळाल्या नाहीत की मल्टिस्टेट देता येत नाही.

पेनसिल्व्हेनियात नेमकं हेच झालं. गव्हर्नर टॉम वुल्फ यांनी १ जुलै २०२१ला कायद्यावर सही केली. सगळ्यांना वाटलं, आता सहा महिन्यांत होईल. एफबीआयची मंजुरी काही मिळेना. शेवटी ५ सप्टेंबर २०२३पासून अर्धं दार उघडलं. म्हणजे इतर राज्यांतल्या मल्टिस्टेटवाल्या नर्स पेनसिल्व्हेनियात येऊन काम करू शकायच्या, पण पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या नर्सला मात्र स्वतःच्या राज्याकडून मल्टिस्टेट मिळत नव्हतं. बाहेरून आलेली ट्रॅव्हल नर्स शेजारच्या बेडवर काम करतेय आणि आपण मात्र राज्याबाहेर पाऊल टाकू शकत नाही, हे तिथल्या मुलींनी जवळजवळ दोन वर्षं बघितलं. २०२४मध्ये विधिमंडळाला कायद्याची भाषा दुरुस्त करावी लागली आणि ७ जुलै २०२५ला व्यवस्था पूर्ण सुरू झाली. सहीपासून चार वर्षं आणि सहा दिवस. आमच्या न्यू जर्सीत कायदा जुलै २०१९चा, पूर्ण अंमल नोव्हेंबर २०२१मध्ये. उलट तुमच्या शेजारच्या ऱ्होड आयलंडनं २०२३च्या जूनमध्ये कायदा केला आणि १ जानेवारी २०२४ला सुरूही केलं. ते राज्य जुन्या करारात आधी होतंच, २०१८च्या बदलात बाहेर पडलं होतं.

म्हणजे सही ते अंमल हा काळ सहा महिन्यांचाही असतो आणि चार वर्षांचाही. तुमच्या मॅसॅच्युसेट्सचा कायदा २० नोव्हेंबर २०२४चा. गव्हर्नर मॉरा हीली यांनी आर्थिक विकासाच्या एका मोठ्या विधेयकावर सही केली, त्यातच कॉम्पॅक्टचं कलम होतं. त्यानंतरची कामं कुणाला दिसत नाहीत. ठशांची व्यवस्था उभारायची, पोलीस आणि एफबीआयकडून येणारी माहिती कोण कशी हाताळणार याचे नियम करायचे, बोर्डाची संगणक यंत्रणा राष्ट्रीय नोंदीशी जोडायची, माणसं नेमून त्यांना शिकवायचं. सहीच्या दिवशी छायाचित्रं निघतात, भाषणं होतात. या कामांसाठी पैसा आणि माणसं कधी मिळणार हे मात्र त्या भाषणात कुणी सांगत नाही, आणि मला त्याचा राग येतो. कोविडमध्ये नर्सेसना टाळ्या वाजवल्या. आता त्याच नर्सेसना एका सॉफ्टवेअरसाठी वर्षानुवर्षं थांबायला लावायचं, हे बरोबर नाही. तुझ्या आमदाराला, म्हणजे तुझ्या भागातल्या राज्य प्रतिनिधीला, चार ओळींची ईमेल जरूर कर. त्यांना हे विषय नर्सेसच्या तोंडूनच कळतात.

एक सांगायला हवं, की विरोध करणारे सगळे नर्सेसचे शत्रू नाहीत. मॅसॅच्युसेट्स नर्सेस असोसिएशन ही तुमची युनियन कॉम्पॅक्टच्या विरोधात होती. आपल्या राज्याचे लायसन्सचे निकष आपल्या हातून जातील, ही त्यांची काळजी. संपाच्या वेळी बाहेरून नर्स आणणं सोपं होईल, ही भीती इतर राज्यांतल्या युनियनांनीही बोलून दाखवली आहे. मला स्वतःला कॉम्पॅक्ट हवा असं वाटतं, पण ही काळजी मी हसण्यावारी नेणार नाही.

आता माझी चूक सांगते. २०१९मध्ये मी न्यू जर्सीत डेलावेअर नदीच्या अलीकडे राहत होते आणि पलीकडे पेनसिल्व्हेनियात हॉस्पिसचं काम चालून आलं होतं. मरणाच्या दारातल्या पेशंटबरोबर घरी जाऊन बसायचं, त्यांच्या घरच्यांना धीर द्यायचा. मला तेच करायचं होतं. पेनसिल्व्हेनियाचं साधं एका राज्याचं लायसन्स एंडोर्समेंटनं, म्हणजे हातातल्या लायसन्सच्या आधारावर, काढता आलं असतं. मी काढलं नाही. आता कॉम्पॅक्ट येतोच आहे, मग कशाला पैसे आणि कागद, असं म्हणत मी थांबले. ते काम दुसऱ्या कुणाला मिळालं. २०२१च्या शेवटी माझ्या राज्याचं मल्टिस्टेट सुरू झालं तेव्हा लक्षात आलं, की नदीपलीकडे अजून अंमलच नाही. करारात दोन्ही टोकं सुरू असावी लागतात. माझं टोक सुरू झालं होतं, त्यांचं सुरू व्हायला २०२३चा सप्टेंबर उजाडला. ज्या लायसन्ससाठी फार तर काही महिने लागले असते, त्याच्यावाचून मी चार वर्षं काढली.

तेव्हा ही वाट बघणं बंद कर. मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू होईल तेव्हा होईल. तुझे निर्णय आज हातात असलेल्या लायसन्सवर घे.

कंपनीला ईमेल करून आधी हे विचार, की तुमचे पेशंट नेमके कुठल्या राज्यांत आहेत? फोनवरच्या कामात लायसन्स तू कुठे बसलीस त्यावरून ठरत नाही, पेशंट त्या क्षणी कुठे आहे त्यावरून ठरतं. पुष्कळ कंपन्या जाहिरातीत सरसकट मल्टिस्टेट लिहून टाकतात आणि प्रत्यक्षात एका टीमला चार-पाच राज्यंच देतात. पेशंट जर न्यू इंग्लंडमधले असतील तर मॅसॅच्युसेट्स तुझ्याकडे आहेच. कनेक्टिकट, न्यू हॅम्पशायर, ऱ्होड आयलंड यांची एकेका राज्याची लायसन्स तू मॅसॅच्युसेट्समध्ये राहूनच, स्वतःच्या खऱ्या पत्त्यावर, एंडोर्समेंटनं काढू शकतेस. त्यासाठी कॉम्पॅक्ट लागत नाही. पूर्वीपासूनची हीच पद्धत आहे. आणि त्यांचे पेशंट न्यूयॉर्क किंवा कॅलिफोर्नियात असतील तर मल्टिस्टेट असूनही काही उपयोग नाही, कारण ती राज्यं करारातच नाहीत. तिथली लायसन्स कंपनीला वेगळी काढून द्यावीच लागतात. म्हणूनच लगेच पुढचा प्रश्न विचार, की लायसन्सचा खर्च तुम्ही देता का? बऱ्याच ठिकाणी देतात, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. ‘एंडोर्समेंटचे अर्ज टाकले आहेत, अमुक तारखेपर्यंत होतील’ असं लेखी दिलंस तर नोकरी धरून ठेवतील का, हेही विचार. रिक्रूटरला नको, ज्या मॅनेजरनं मुलाखत घेतली तिला थेट विचार.

या निमित्तानं तुझ्या आत्ताच्या कामातली एक गोष्टही तपास. स्प्रिंगफील्डच्या हॉस्पिटलात कनेक्टिकटचे पेशंट येतातच. डिस्चार्जनंतर त्यांना घरी फोन करून औषधांबद्दल सांगायचं काम तुमच्या युनिटवर आहे का? असेल तर पेशंट सीमेपलीकडे असताना तो सल्ला देणं म्हणजे कनेक्टिकटमध्ये नर्सिंग करणं. तुझ्या नर्स मॅनेजरला विचार की याची सोय काय केली आहे. एनफील्डहून रोज येणारी एखादी सहकारी ‘माझ्याकडे आता मल्टिस्टेट आहे, मॅसॅच्युसेट्सचं कशाला ठेवू’ म्हणत असेल तर तिलाही सांग, मॅसॅच्युसेट्समध्ये अंमल नाही तोवर तिचं मल्टिस्टेट तुमच्या वॉर्डात चालत नाही. तिनं मॅसॅच्युसेट्सचं लायसन्स संपू देता कामा नये.

एनफील्डला खरोखर राहायला जाणं हा मार्ग स्वच्छ आहे. तिकडे राहायला गेलीस, ड्रायव्हिंग लायसन्स तिकडचं झालं, की कनेक्टिकटच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे मल्टिस्टेटसाठी अर्ज करता येईल आणि मॅसॅच्युसेट्सचं लायसन्स चालू ठेवून आत्ताची नोकरीही करता येईल. मॅसॅच्युसेट्समध्ये कमावलेल्या पगाराचं विवरणपत्र मॅसॅच्युसेट्सला भरावं लागेल आणि कनेक्टिकटचं वेगळं. कनेक्टिकट तो कर वजा करून देतं, पण फॉर्म दोन होतात. हे सगळं जमण्यासारखं आहे. मला काळजी आहे ती सासूबाईंची. पार्किन्सन्सच्या माणसाला घर बदलणं सोपं नसतं. न्हाणीघर कुठे, पायरी कुठे, हे पुन्हा शिकताना पडायची भीती असते. मेडिकेड किंवा तशी राज्याची काही मदत त्यांना मिळत असेल तर ती दुसऱ्या राज्यात आपोआप येत नाही, नव्यानं अर्ज करावा लागतो. एनफील्डला शाळेसाठी, नवऱ्याच्या कामासाठी, मोठ्या घरासाठी तुम्हाला जायचंच होतं, असं असेल तर जा. फक्त या एका नोकरीसाठी सासूबाईंना हलवावं असं मला वाटत नाही. पण त्या घरात मी राहत नाही. त्यांच्याशी बोल, त्यांना काय वाटतं ते विचार. सुना विचारत नाहीत आणि सासवा सांगत नाहीत, असं पुष्कळ घरांत होतं.

काही कामं मात्र कुठलाही मार्ग निवडलास तरी करायचीच आहेत. मॅसॅच्युसेट्समध्ये रजिस्टर्ड नर्सचं लायसन्स सम वर्षी, आपल्या वाढदिवसाला संपतं. म्हणजे तुझं २०२६मध्ये. नवं मल्टिस्टेट येईल मग एकदमच करू, असं म्हणून नूतनीकरण लांबवू नकोस. १५ तासांचं शिक्षण पूर्ण करून ते वेळेत कर. आणि राज्यात अंमल सुरू झाला तरी तुझं लायसन्स आपोआप मल्टिस्टेट होणार नाही. वेगळा अर्ज, वेगळे ठसे लागतात.

ठशांवरून आठवलं. आपण नर्स दिवसातून पन्नास वेळा हात धुतो, वर सॅनिटायझर. बोटांवरच्या रेषा झिजतात, कातडी कोरडी पडते आणि ठसे ‘वाचता येत नाहीत’ म्हणून परत येतात. पुन्हा द्यायचे, पुन्हा थांबायचं. ठसे द्यायच्या आधी दोन आठवडे रोज झोपताना हाताला खोबरेल तेल किंवा क्रीम चोळ. ठसे देण्याच्या दिवशी मात्र बोटं कोरडी असू देत. शक्यतो रात्रपाळी संपवून तशीच जाऊ नकोस, सुट्टीच्या दिवशी जा.

भारतात शिकलेल्या आपल्यासारख्यांसाठी त्या ११ अटींमध्ये दोन जास्तीच्या गोष्टी येतात. एक, आपल्या शिक्षणाची मान्यताप्राप्त संस्थेकडून झालेली पडताळणी. ती तू मॅसॅच्युसेट्सचं लायसन्स काढताना केली असशील, त्याची प्रत शोधून ठेव. दुसरी इंग्रजीची. ज्यांचं नर्सिंगचं शिक्षण इंग्रजीतून झालेलं नाही किंवा ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांना इंग्रजीची परीक्षा पास झाल्याचं दाखवावं लागतं. तुझं शिक्षण इंग्रजीतूनच झालं असणार, तसं लिहिलेला कागद हातात हवा, पण आपली मातृभाषा मराठी, म्हणून नुसत्या त्या कागदावर भागेल असं धरू नकोस. शिकवणं आणि पाठ्यपुस्तकं इंग्रजीत होती, असं कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीशिक्क्यानं. जुना इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल असेल तर तो आधी काढून ठेव. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची गुणपत्रकं आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचा कागद एकाच फाइलमध्ये ठेव, आणि सगळीकडे नाव एकसारखं आहे का ते बघ. लग्नाआधीचं नाव, लग्नानंतरचं नाव, मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, यावर आपल्या मुलींचे अर्ज जितके अडकतात तितके दुसऱ्या कशावर अडकत नाहीत. विवाह नोंदणीचा दाखला बरोबर असू दे.

सांगलीच्या कॉलेजला आजच लिही. तिकडे प्राचार्य बदलतात, क्लार्क रजेवर असतात, परीक्षा चालू असतात. नुसती ईमेल करून थांबू नकोस. मिरजेत तुझं माहेर आहे. भावाला नाहीतर बाबांना पत्राचा मसुदा छापून दे आणि हातात घेऊन जायला सांग. आणि कंपनीच्या मॅनेजरनं राज्यांची यादी पाठवली की मला कळव. कुठल्या राज्याचा अर्ज आधी टाकायचा ते आपण त्या यादीवरून ठरवू.

तुझी,
ताई